फितूर दोरी

“ही गाठ म्हणायची, की दोरीची आणि खांबाची नुसती ओळख करून दिलीय?”

चष्मेवाल्यांनी बोटाने जरासा धक्का दिला आणि गाठ खरोखरच सुटली.

“अजून आवळायची होती,” शिडीवरून गाठवाले म्हणाले. ते खरं नव्हतं. आवळून झाली होती.

बाजारात दुकानं बावीस. त्यांच्यावर ताडपत्र्या बावीस, प्रत्येकीला कोपरे चार; म्हणजे गाठी अठ्ठ्याऐंशी. झाडांना पालवी फुटायला लागली की या भागात वारा सुटायचा, आणि पुढचा दीड महिना कुठल्याही दुपारी वादळ यायचं. तेवढ्या दिवसांत रोज सकाळी या अठ्ठ्याऐंशी गाठी नव्याने बांधायचं काम गाठवाल्यांचं; संध्याकाळी दुकानदार त्या सोडून ताडपत्र्या उतरवायचे. एकतीस वर्षं हेच. पण गेल्या वर्षी ते शिडीवरून पडले आणि उजव्या हाताचा अंगठा दुखावला. तेव्हापासून अंगठा हजर असायचा, कामाला मात्र नसायचा.

“राग मानू नका,” चष्मेवाले खालच्या आवाजात म्हणाले. दुकानदारांच्या वतीने बोलायचं काम नेहमी त्यांच्याच गळ्यात पडायचं. “सगळ्यांचं ठरलंय. या मोसमात एक जरी ताडपत्री फाटली, तर सोमवारपासून त्या पलीकडच्या बाजारातला माणूस येणार. त्याच्याकडे लोखंडी आकड्यांचे पट्टे आहेत. कळ दाबली की घट्ट.”

“आणि नाही फाटली तर?”

“तर तुम्ही आहातच की. आम्हाला काय हौस आहे?”

गाठवाल्यांनी मान डोलावली आणि चौथ्या कोपऱ्याला जुनी, झिजलेली सुतळी बांधली. तिथे ते नेहमी सुतळीच बांधायचे. दुकानदार म्हणायचे, तीन कोपऱ्यांना जाड दोर लावताना मोकळा असलेला यांचा हात चौथ्यालाच आखडतो. गाठवाले त्यांना खुशाल म्हणू द्यायचे. खरी गोष्ट अशी, की वादळात ताडपत्रीच्या पोटात वारा भरला की आधी ही सुतळी तुटायची, एक कोपरा फडफडायचा, वारा निघून जायचा आणि कापड वाचायचं. मनातल्या मनात ते तिला फितूर म्हणत. ही युक्ती त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती. बायकोलासुद्धा नाही.

बायको रोज सकाळी त्यांना हनुवटी वर करायला लावून शर्टाची बटणं लावून द्यायची. आणि या वर्षी तिला बटणांचा भलताच सोस लागला होता. रोज अकराला, ते चहाला गेले की ही बाजारात हजर. बटणवालीकडून एक बटण घ्यायची नि घरी आणून डब्यात टाकायची.

“अगं, शर्टाला बटणं सात. तू आणलीस तेवीस. बाकीची काय पाठीला लावणार?”

“असू देत हो. तुटतात.”

वादळ गुरुवारी तीन वाजता आलं. आधी धूळ उठली, मग कुठल्याशा गच्चीवरची बादली रस्त्यावरून गडगडत गेली, आणि पाठोपाठ वारा बाजारात घुसला. सुतळ्या तुटल्या, कोपरे फडफडू लागले. गाठवाले चहावाल्याच्या आडोशाला उभं राहून मोजत होते. एकोणीस, वीस, एकवीस. बाविसावी तुटेना. बटणवालीची ताडपत्री फुगली, आणखी फुगली, आणि मधोमध टरकन फाटली. रंगीबेरंगी बटणं बाजारभर घरंगळली.

वारा पडल्यावर ते तिथे गेले. चौथ्या कोपऱ्याला सुतळी नव्हतीच. नवाकोरा जाड दोर होता. त्याला दोन वेढे, आणि उरलेलं टोक खाली दुमडून खोचलेलं. त्यांच्या जेवणाच्या डब्याच्या फडक्याला रोज अशीच गाठ असायची.

त्यांनी शेजारच्या दुकानाचे जाड दोर पाहिले. टोकं खोचलेली. त्याच्या पलीकडचे पाहिले. तिथेही खोचलेली. नऊ दुकानं झाल्यावर त्यांनी मोजणं सोडून दिलं. आयुष्यात पहिल्यांदाच.

“ही गाठ कुणाची?” चष्मेवाल्यांनी विचारलं.

बटणवाली गुडघ्यांवर बसून बटणं वेचत होती. तिने मान वर केली. “अहो, पण रोज अकराला यांच्या घरच्या—”

“बटणं न्यायला येतात,” गाठवाले म्हणाले. “गाठ माझी आहे.”

बटणवाली त्यांच्याकडे बघत राहिली. मग पुन्हा खाली वाकली. चष्मेवाल्यांनी स्वतःचा चष्मा काढून उगाचच पुसला. “मग... सोमवारपासून...”

“सोमवारपासून. रविवारपर्यंत मी आहे.”

घरी बायको दारातच उभी होती. “टिकल्या ना हो सगळ्या?”

“एकवीस टिकल्या. बटणवालीची गेली.”

“तिची कशी जाईल? तो कोपरा तर मी चांगला—” ती मध्येच थांबली. हात पदराला पुसले. हात ओले नव्हते.

गाठवाल्यांनी चार खुर्च्या खिडकीसमोर ओढल्या आणि पलंगावरची जुनी चादर तिच्या हातात दिली. “तीन कोपरे तू बांध. तुझी गाठ चांगली बसते.”

तिने बांधले. वर बघितलं नाही. चौथ्या कोपऱ्याला त्यांनी शिवणाचा दोरा अडकवला. अंगठा ऐकेना, तेव्हा दोरा दातांत धरून ओढला.

“इथे बळकट काही लावायचं नाही. हे एकतीस वर्षांत मी कुणाला सांगितलं नाही.”

“मला तरी सांगायचंत.”

“हो. सांगायला हवं होतं.”

त्यांनी खिडकी उघडली. वारा अजून पुरता शमला नव्हता. चादर फुगली, खुर्च्या करकरल्या, दोरा तुटला, आणि चादर हळूच खाली आली.

बायकोने ती उजेडासमोर धरली. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत बोट फिरवत गेली.

“तीन दिवस आहेत अजून,” गाठवाले म्हणाले. “उद्या बरोबरच निघू. बटणं पुष्कळ झाली.”

तिने दोऱ्याचं रीळ उचललं आणि चौथ्या खुर्चीपाशी जाऊन बसली. “पुन्हा दाखवा,” ती म्हणाली.