डाव्या गुडघ्यासाठी घेतलेला घोडा

मी घोडा बोलतोय. चारा खाणारा नव्हे, डिझेल पिणारा. लांबलचक ट्रेलर ओढणाऱ्या गाडीचा पुढचा भाग, म्हणजे इंजिन आणि केबिन, त्याला आमच्या धंद्यात घोडा म्हणतात. माणसांनी एवढं मानाचं नाव दिलं आणि पुढे मला तोंडभर नावंही ठेवली. त्यातली काही मी अजून विसरलेलो नाही.

कारखान्यातून बाहेर पडलो तेव्हा माझा तोरा काय विचारता! त्या खेपेतलं सगळ्यात दांडगं इंजिन माझ्या पोटात बसवलेलं. वाटलं, लोक रांग लावतील. पण वाळूजजवळच्या शोरूमने मला डेमोची गाडी करून टाकलं. जो येई तो मला चालवून बघे, खूश होई आणि उतरता उतरता विचारी, "अ‍ॅव्हरेज काय देतो?" प्रणय नावाचा तिथला विक्रेता खरं ते सांगे. मग गिऱ्हाईक माझ्या शेजारच्या कमी ताकदीच्या धाकट्याकडे वळे. ऊन-पाऊस अंगावर घेत मी कुंपणापाशी उभा असायचो. एकदा माझ्याखाली मांजर व्यायली, एवढीच काय ती वर्दळ. मला फार वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

मग कडुबा आला. पन्नाशीकडे झुकलेला, उमेदीची सगळी वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवलेला. आता स्वतःची गाडी घ्यायची आणि स्वतःच चालवायची, असं ठरवून आला होता. जळगावकडून वाळूजच्या कारखान्यांसाठी लोखंडी माल आणायचं काम त्याला मिळालं होतं. म्हणजे फर्दापूरहून भरल्या गाडीने अजिंठ्याचा घाट चढणं आलंच. सोबत बायको रत्नमाला होती आणि सल्ला द्यायला जुना जोडीदार राजकुमार, तोही ड्रायव्हरच.

राजकुमारने आल्या आल्या माझ्या टायरला लाथ मारली. गाडी बघायला आलेल्या माणसांना ही खोड का असते, मला अजून कळलेलं नाही.

"ह्याच्या नादी लागू नको, कडुबा," तो म्हणाला. "ह्यो डिझेल पीत नाय, डिझेलनं आंघोळ करतो. घाट काय, सगळेच चढतेत. खालचा गिअर टाकायचा अन् निवांत चढायचं."

कडुबाला ते पटलं. त्याने धाकट्याची किल्ली मागितली, समोरच्या सपाट रस्त्यावर रिकामी गाडी एक चक्कर फिरवून आणली आणि म्हणाला, "झकास! हीच घेऊ." इथेच तर भले भले फसतात. रिकामी गाडी सपाटीवर कुणाचीही झकासच पळते.

तेवढ्यात रत्नमाला प्रणयला म्हणाली, "भाऊ, दोन्ही गाड्या माल भरून घाटात चालवाया देता का? मी बी बसते."

"आगं, तुला काय कळतं इंजिनातलं?" कडुबा हसला.

"इंजिनातलं नाय कळत. तुमचं कळतं."

प्रणय जरा कुरकुरला, पण त्याने सोय केली आणि आम्हा दोघांना माल भरून फर्दापूरला घाटाच्या पायथ्याशी आणलं. आधी धाकटा. शोरूमच्या ड्रायव्हरला घेऊन मी मागून चढत होतो. धाकटा जिवाचं रान करत होता, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण वळणावळणाला गिअर बदलायचा, म्हणजे क्लच दाबायचा, म्हणजे कडुबाचा डावा पाय. वर पोहोचल्यावर तो उतरला आणि बराच वेळ वाकून टायर बघत राहिला. टायर ठणठणीत होते.

पुन्हा खाली उतरून तो माझ्यात बसला. रत्नमाला शेजारी. तिने ना दरी पाहिली, ना कठड्यावरची माकडं. तिची नजर त्याच्या डाव्या पायावर खिळलेली. तेव्हा मला उमगलं, आणि मी सगळा जोर लावला. निम्मी वळणं त्याला गिअर बदलावाच लागला नाही.

वर आल्यावर ती म्हणाली, "ह्या गाडीत पाय कमी चालला तुमचा."

"म्हंजे?"

"मोरीत दार लावून गुडघ्याला मलम चोळता. वास घरभर येतो, अन् म्हणं कुणाला कळत नाय."

कडुबाचा चेहरा उतरला. "हळू बोल. गुडघा गेलेल्या ड्रायव्हरला कोणता मालक गाडी देतो?"

"आता मालक कोन हाये? तुमीच ना? मंग मालकानं ड्रायव्हरचा गुडघा बघाया नको व्हय?"

कडुबा पुटपुटला, "हप्ता लई बसंल."

"बसू द्या. तुमीच घरी बसले तर बारका हप्ता तरी कोन भरनार?"

आणि असा मी विकला गेलो. माझ्या काचेवर निळ्या अक्षरांत 'जय भीम' आलं, गळ्यात झेंडूची माळ आली. त्या दिवशी मी हॉर्न जरा जास्तच वाजवला.

आज या घरात मी तीन वर्षं आहे. मी डिझेल जास्त पितो, हे खरंच आहे. सिल्लोडच्या टपरीवर राजकुमार अजून मला टोमणे मारतो. हप्त्यापायी कडुबाला कधी कधी जास्तीची खेप करावी लागते, तेव्हा मला अपराध्यासारखं होतं. त्याचा गुडघाही बरा झालेला नाही. झिजलेलं भरून येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. पण झीज मंदावली आहे आणि कडुबा अजून गाडीवर आहे.

तुम्ही गाडी घ्यायला जाल तेव्हा माझ्यासारखाच घ्या, असं मी म्हणणार नाही. ज्याचं काम सपाटीचं, त्याने खुशाल धाकट्याला घ्यावं. पण माल मोजता, चढ मोजता, तेव्हा चालवणाऱ्या माणसालाही त्या हिशेबात घ्या. आणि ती चौकशी त्याच्या बायकोकडे करा, तो स्वतः सांगणार नाही.

कधीतरी कडुबा गाडी सोडेल आणि मला विकेल. विकावंच त्याने, मी रुसणार नाही. त्या दिवशी तो माझ्यावरून उतरावा आणि रत्नमालेबरोबर घरापर्यंत चालत जावा. त्याच्या गुडघ्यासाठी वाटेत थांबायची वेळ तिच्यावर येऊ नये, एवढंच माझं मागणं आहे.