बिनदाताच्या तोंडातले एकोणीस किडे

१४ एप्रिल २०११, गुरुवार, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटे. चीनमधल्या लिउशू गावाच्या खळ्यावर त्रेसष्ट माणसे जमली होती: बावन्न म्हातारी आणि अकरा मुले. मधल्या वयाची सारी माणसे दक्षिणेच्या कारखान्यांत होती. ती फक्त नववर्षाला घरी येत.

खळ्याच्या मधोमध गावोगाव फिरून दातातले किडे काढणारी युन मावशी बसली होती. पाण्याच्या वाडग्यात दगड, दगडावर लालभडक तापलेले कौल, कौलावर चिमूटभर काळे बी. धूर उठताच तिने एका आजोबांचे तोंड वाडग्यावर धरून डोक्यावर फडके टाकले.

"निघ रे पांढऱ्या सावकारा! आठव्या डोंगरावर तुझी सासू वाट बघतेय!"

फडके उचलले, तर पाण्यात काळ्या डोक्याचे पांढरे किडे तरंगत होते.

"अगं बाई! केवढे हे!"

कडेला फान गुरुजी उभे होते. वय एकसष्ट, गावच्या शाळेचे एकुलते एक शिक्षक. ते नेहमी दार लावून एकटेच जेवत. गाव त्यांना गर्विष्ठ समजे. त्यांचे लक्ष सात वर्षांच्या सुइसुइकडे होते. तिचा गाल सुजला होता आणि माओ आजी तिला रांगेत पुढे ढकलत होती.

"आजी, तिला तालुक्याला न्या. दाढ आहे ती. गेली की पुन्हा येत नाही."

"गुरुजी, तुम्ही गणित शिकवा. दुधाचाच दात तो. खालचा पडला की छपरावर, वरचा पडला की खाटेखाली. मग नवा येतो. एवढं मलाही कळतं."

"ती दुधाच्या दातांच्या मागे नव्याने आलीय, आजी. ती कायमची."

"तालुका तीन तासांवर! तिथल्या पोरांच्या दाढा किडू नयेत म्हणून शाळेत येऊन फुकट लेप लावतात. आमच्याकडे कोण येतं? ही मावशी तरी आली!"

गुरुजी सरळ मावशीपुढे जाऊन बसले. "आधी माझं बघा."

"गुरुजींनाही कीड लागली वाटतं!" कुणीतरी ओरडले. खळे हसले.

धूर झाला, सासू झाली, फडके उचलले गेले. मावशीने मोजले. "एकोणीस! गुरुजी, इतके दिवस सोसलंत कसं?"

गुरुजींनी पाठ वळवली नाही. त्यांनी तोंडात बोटे घातली, वरची कवळी काढली, खालची काढली आणि दोन्ही वाडग्याशेजारी ठेवल्या. त्यांचे गाल आत गेले. कवळी बसवल्यापासून चौदा वर्षांत हा चेहरा कुणी पाहिला नव्हता. दार लावून जेवण्याचे कारण तेच होते.

"माझ्या तोंडात एकही दात नाही," ते बोबड्या आवाजात म्हणाले. "मग हे किडे कुणाचे?"

मागून हसू फुटले, पण मावशीला नव्हे, त्या चेहऱ्याला. गुरुजींनी ते ऐकून घेतले. त्यांनी दुसरे कौल तापवले, मावशीच्याच पुरचुंडीतले बी टाकले आणि कुणाचेही तोंड न धरता वाडग्यावर फडके पसरले. उचलले, तर किडे हजर.

"हे कांदापातीसारख्या भाजीचं बी. तापलं की फुटतं, आतला पांढरा कोंब पाण्यात उडतो. टोकाला चिकटलेलं टरफल म्हणजे तुमचं काळं डोकं. धुरानं ठणका घटकाभर बधिर होतो, तोवर मावशी पुढच्या गावी."

मावशी पुरचुंडी बांधू लागली होती. सुइसुइने कवळीकडे बोट दाखवले.

"गुरुजी, तुमचे दात छपरावर टाकले नव्हते?"

"टाकले होते."

"मग?"

"आले नाहीत, बाळ."

माओ आजीने नातीला रांगेतून बाहेर ओढले.

शनिवारी गुरुजी अकरा मुलांना घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात गेले. फुकट लेपाच्या यादीत त्यांची शाळा नव्हती. ते पायरीवर बसून राहिले. अखेर एका डॉक्टर बाईने आपली जेवणाची सुट्टी त्यांना दिली. पुढच्या दोन शनिवारीही तेच घडले.

परतल्यावर गुरुजींनी फळ्यावर लिहिले: "दातात किडा नसतो. गोड खाऊन न घासलेला दात जंतूंनी केलेल्या आम्लाने किडतो. कुणी किडा काढून दाखवतो म्हणाले, तर आधी कुणाचेही तोंड न धरता काढायला सांगा. आणि आपल्या मुलांची नावे यादीत का नाहीत, हे दर महिन्याला विचारा." मग ते खोलीत गेले आणि दार लावून जेवायला बसले.

अकरा मुलांच्या चव्वेचाळीस कायमच्या दाढांपैकी एकोणतीस दाढांना लेप लागला, अकरा भरल्या, चार काढाव्या लागल्या. त्या चारांत सुइसुइची एक.