भांडणाचं फोल्डर

कॉम्प्युटर तिसऱ्यांदा आपोआप बंद पडला. निळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली आणि मी चष्मा शोधेपर्यंत गेलीसुद्धा. मेल्याला जरा धीर नाही.

हे शेजारच्या खुर्चीत बसले होते, गळ्याला पट्टी, मांडीवर पाटी. पाटीवर लिहिलं, ‘परत लाव.’

"लावतेय ना! मला काय हौस आहे बंद ठेवायची?" मी खेकसले. घाबरले की मी खेकसते, हे त्यांना लग्नापासून माहीत आहे.

त्या जुनाट डब्यात ह्यांचा आवाज होता. जन्मभर बसस्थानकावर माइकसमोर बसून ह्यांनी गाड्या पुकारल्या. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्रच काढावं लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा हे घरी माइक लावून बसले आणि रोज लागणारं बोलणं एकेक करून भरून ठेवलं. आता हे माउसने टिचकी मारतात आणि डबा ह्यांच्या आवाजात बोलतो. ‘याची कॉपी काढून ठेवा,’ म्हणून भाऊजींनी, माझ्या धाकट्या दिरांनी, कितीदा बजावलं. पण ह्यांचं आपलं एकच पालुपद, चाललंय ना नीट, मग कशाला हात लावायचा? आता पुन्हा भरायचं म्हटलं तर गळ्यात आवाजच उरलेला नाही.

भाऊजी कॉम्प्युटर दुरुस्तीचंच काम करतात. ते कामावर होते, म्हणून फोन लावला.

"वहिनी, मागे हात लावून बघा. पंख्याचा वारा लागतोय?"

मी हात घातला आणि चटका बसून मागे ओढला. "अहो, नुसता तवा तापलाय! आणि वारा कुठला, इथे तर..." मी वाकून पाहिलं. मागच्या जाळीवर जाड कापडाची उशी दोऱ्यांनी घट्ट आवळलेली होती. मीच शिवलेली. पंख्याची घरघर रेकॉर्डिंगमध्ये येते म्हणून ह्यांनी हट्ट धरला होता. आयुष्यभर माइकवर बोललेल्या माणसाला मागे खुट्ट झालेलं चालत नाही. रेकॉर्डिंग संपलं आणि उशी काढायचं दोघांच्याही डोक्यातून गेलं. मी भाऊजींना सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे इतके दिवस गुदमरतंय ते," भाऊजी म्हणाले. ओरडले नाहीत, त्यामुळे मी जास्तच घाबरले. "उशी काढा, टेबलफॅन लावा, गार होऊ द्या. मग सुरू करा. काही उघडू नका, वाजवू नका. एकेक फोल्डर पेनड्राइव्हमध्ये टाका, आधी सगळ्यात गरजेचं. डिस्क किती तग धरेल, सांगता येत नाही."

मी कात्रीने दोरे कचाकच कापले, उशी ओढून काढली आणि टेबलफॅन लावला. गार झाल्यावर मी भाऊजींना पुन्हा फोन करून स्पीकर चालू ठेवला. डबा कुरकुरत सुरू झाला. पडद्यावर ह्यांची तीन फोल्डर होती: दवाखाना, घर आणि भांडण. भांडणाचं वेगळं फोल्डर करणारा नवरा माझ्याच नशिबी!

आधी दवाखाना. दुखतंय, श्वास लागतोय, डॉक्टरांना बोलवा. ते कसंबसं गेलं आणि डब्याच्या आतून खट् खट् आवाज यायला लागला.

"डिस्क चालली, वहिनी. थांबू नका!"

मी ‘घर’वर बाण नेला, तोच ह्यांनी माझं मनगट धरलं आणि ‘भांडण’कडे बोट दाखवलं.

"वेड लागलंय का? घरमध्ये चहा आहे, पाणी आहे, दार उघड आहे!"

ह्यांनी पाटीवर घाईघाईने खरडलं, ‘चहा लिहून मागता येतो.’

मी त्यांच्याकडे बघितलं. ऑपरेशनला नेतानाही हा माणूस इतका भ्यालेला नव्हता. मी मुकाट्याने ‘भांडण’ उचललं. हिरवी पट्टी जराशी सरकली आणि अडकली. खट्, खट्, आणि मग काहीच नाही. पडदा काळा झाला तो झालाच. मी बटण दाबत राहिले, शेवटी ह्यांनीच माझा हात बाजूला केला.

कामावरून भाऊजी लॅपटॉप घेऊनच आले. पेनड्राइव्ह लावून बराच वेळ बघत बसले.

"दवाखाना सगळं आलंय. घर गेलं. भांडणातली एकच फाइल वाचली."

"वाजवा," मी म्हटलं. मला ह्यांचा असा राग आला होता म्हणून सांगू! "बघू तरी, घर घालवून कुठली शिवी राखलीत."

हे पुढे सरकले आणि त्यांनी स्वतः टिचकी मारली.

माझं नाव. नुसतं नाव, शेवटचं अक्षर वर चढवून, पार बसस्थानकाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असं. एरवी मी ह्यांची ‘अगं’, नाहीतर ‘ऐकलंस का’. नाव फक्त कडाक्याचं भांडण झालं की घेतात. बाकीच्यांची मी वहिनी, काकू, आई. मला नावाने हाक मारणारं दुसरं कोणी आता उरलेलं नाही.

"काय आहे?" मी ओरडले.

ह्यांनी परत टिचकी मारली.