भगरीला रोझमेरीचे बटाटे

गोदाबाईंनी उपास धरून एकोणीस दिवस झाले होते. साई डोळे उघडेपर्यंत धान्य तोंडात घालणार नाही, असं देवाला बजावून त्या परभणीहून साईच्या मांजरी भागातल्या फ्लॅटवर आल्या होत्या. त्यांचा हा एकुलता एक लेक अपघात झाल्यापासून आयसीयूत निपचित पडून होता.

सून श्रद्धा आयटीतली. देवाला असा धाक घालणं एरवी तिला हास्यास्पद वाटलं असतं. पण आता सासूबाई उपाशी आहेत तोवर कुणीतरी काहीतरी करतंय, एवढाच तिला आधार होता. त्या उपासाला ती गोदाबाईंपेक्षा घट्ट धरून होती.

भगर आणि दाण्याची आमटी खाऊन खाऊन म्हातारीची चव गेली, म्हणून तोंडी लावायला श्रद्धा साईच्या पद्धतीचे बटाटे करायची. त्यात पडणारी, त्यानंच बाल्कनीत लावलेली विलायती रोझमेरी उपासाला चालते का, यावर ते पहिल्यांदा केले तेव्हा बरीच खलबतं झाली. गोदाबाईंनी गावाकडे जाऊबाईंना फोन लावला. जाऊबाईंनी जन्मात रोझमेरी पाहिली नव्हती, पण मत द्यायला त्या कधी अडल्या नव्हत्या. तुळस चालते तशी हीही चालू द्या, असा त्यांनी निकाल दिला. लसणाचा मात्र विषयच नव्हता.

आज सकाळच्या भेटीला गोदाबाई एकट्या गेल्या. दुपारची पाळी श्रद्धाची. तिनं बटाट्याच्या फोडी अर्धवट उकडल्या, पाणी काढून टाकलं आणि झाकण दाबून पातेलं जोरात हलवलं. कडा खरबरीत झाल्या की बटाटा कुरकुरीत होतो, हे साई दर रविवारी नवा शोध लागल्यासारखा सांगायचा. मग तूप, सैंधव, मिरपूड, रोझमेरी, आणि ट्रे ओव्हनमध्ये. लसूण तो शेवटच्या दहा मिनिटांत टाकायचा, आधी टाकला तर करपतो म्हणून. दहा मिनिटं उरली तेव्हा श्रद्धाच्या हातांनी फ्रिजमधला सोललेला लसूण काढला, ठेचला आणि ट्रेमध्ये टाकला. चार वर्षं दर रविवारी साईला लसूण ठेचून द्यायची सवय. डोकं हॉस्पिटलात होतं.

गोदाबाई आल्या, हातपाय धुऊन पानावर बसल्या. डॉक्टर काय म्हणाले, असं श्रद्धानं विचारलं, तर आधी वाढ म्हणाल्या. तिनं वाढलं. त्यांनी चार-पाच फोडी खाल्ल्यावर तिच्या नाकात लसणाचा वास शिरला.

"आई, थांबा. माझ्याकडून त्यात लसूण पडलाय."

"दिसायलाय की मला."

त्यांनी लसणाचा एक तुकडा उचलून तोंडात टाकला आणि सावकाश चावला.

"अहो पण, उपास?"

"सकाळीच सोडला. कॅन्टीनमधी बिस्कीट खाल्लं." गोदाबाईंनी पानातली भगर बाजूला सारली. "मशीन हाय म्हणून छाती हलायली, म्हणले डॉक्टर. बाकी काय राहिलं नाही त्याच्यात."

श्रद्धा ओट्याला टेकून उभीच राहिली. गोदाबाईंनी ताट तिच्याकडे सरकवलं.

"बस माय. दोन घास खाऊन घे. आज आपल्या घरात पुन्हा चूल पेटायची नाही. मशीन काढायला बायकोची सही लागती, म्हणले."

श्रद्धा बसली. तिनं एक फोड तोंडात घातली. बटाटे नेमके साई करायचा तसे झाले होते.