एकतीस नव्हे, बत्तीस

मी एक जुना मास स्पेक्ट्रोमीटर आहे. नाव तोंडात बसत नसेल तर वजनकाटा म्हणा. पण मी मीठमिरची नव्हे, रेणूंचे तुकडे तोलत असे. परदेशात घडलो, तिथेच जुना झालो आणि १९६४ साली मिरज स्टेशनात उतरून बैलगाडीने सांगलीच्या एका कॉलेजात आलो.

मित्रांनो, मला जपलं ते अर्जुनाने. कडेगावकडचा तरुण, घरच्यांनी काही वर्षांपूर्वी बौद्ध दीक्षा घेतलेली, नोकरी हंगामी. तो मला रोज मऊ फडक्याने पुसत असे.

आमच्या हंबीररावसरांनी जड हायड्रोजन घातलेलं अल्कोहोल तयार केलं. त्याच्या रेणूला दोन टोकं. जड हायड्रोजन कुठल्याही टोकाला बसो, सबंध रेणूचं वजन सत्तेचाळीसच. त्याची जागा कळते ती रेणू फोडल्यावर. ऑक्सिजनकडचा तुकडा एकतीस भरला, तर तो पलीकडच्या टोकाला. बत्तीस भरला, तर अलीकडे. सरांनी पुण्याच्या सभेत ‘पलीकडे’ असं सांगून टाळ्याही घेतल्या होत्या. मी बत्तीस दाखवला.

अर्जुनाने तीनदा नमुना घालून पाहिला. मग हळूच म्हणाला, “सर, वजन बरोबर हाय, पन जागा चुकलीया.”

नाचता येईना, अंगण वाकडं. सरांना एकदम आठवलं, की खंडेनवमीला अर्जुनाने मला हळदकुंकू लावू दिलं नव्हतं.

“तुमच्यात आता पूजा चालत न्हाई,” ते सगळ्यांदेखत म्हणाले. “मशीन बिघडनारच की.”

“आवं सर, पूड आत गेली तर बिघडंल, म्हनून न्हाई लावू दिली.”

ऐकतो कोण? नोकरीत कायम होण्याच्या त्याच्या अर्जावर सरांनी सही केली नाही. जूनमध्ये त्याची नोकरी गेली. मला खोटा ठरवून अडगळीत टाकलं. माझा नुसता जळफळाट झाला, पण मला तोंड कुठे आहे?

दोन वर्षांनी तोच नमुना मुंबईत तपासला गेला. तिथेही बत्तीसच आला. सरांनी नवा लेख छापला, स्वतःच्या नावाने. शेवटी कॉलेजच्या यंत्राचे, म्हणजे माझे, आभार मानले. अर्जुनाचं नाव कुठेच नाही.

मित्रांनो, यंत्रं जपावीत हे खरंच. पण मला पुसायला आता येऊ नका. अर्जुन गावाकडे शाळेत गणित शिकवतो म्हणे. आकडा बत्तीस होता, हे त्याला ठाऊक आहे. ज्यांच्यादेखत तो खोटा ठरला, त्यांना तेवढं जाऊन सांगा.