ओओची अर्धी शीळ

कामुएला म्हाताऱ्याला ओओ पक्ष्याची शीळ हुबेहूब घालता येई. ओओ कवाई बेटावरून नाहीसा होऊन जमाना लोटला, पण कामुएलाच्या ओसरीवर तो रोज सकाळी गायचा. पुढचा दात पडल्यापासून शिळेच्या शेवटी 'फुस्स' व्हायचं. "ओओ म्हातारा झालाय," असं दुसऱ्या कुणी म्हणायच्या आत तो स्वतःच सांगून टाकी.

पण शीळ अर्धीच होती. नर गायचा, थांबायचा, मग मादी उत्तर द्यायची. ते उत्तर कामुएला विसरला होता. गावभर ओओचा वारस म्हणून मिरवायचं आणि निम्मं गाणं हरवून बसायचं, असला हा वारस! मरण्याआधी ते उत्तर एकदा कानावर पडावं, एवढीच त्याची इच्छा उरली होती.

आणि एका सकाळी वरच्या रानातून, लांबून, ओओची शीळ आली.

कामुएलाने तोंडातून ब्र काढला नाही. बेटावर मासे धरायला निघालेला माणूस माशांचं नाव घेत नाही. घेतलं की मासे ऐकतात आणि पळतात. 'फिरून येतो' म्हणायचं, समोरच्यानेही कुठे ते विचारायचं नाही. पक्ष्यालाही हाच नियम लागू, असं या शहाण्याने ठरवलं.

"फिरून येतो गं," तो बायकोला म्हणाला.

पुआनानीने त्याच्या पायांतले चिखलाचे बूट पाहिले. "ये," एवढंच म्हणाली.

रानात एका झाडाआड त्याचा जुना दोस्त हानाले दबा धरून बसला होता.

"तू रे इथे?" कामुएलाने विचारलं.

"फिरायला आलोय. तू?"

"मी पण फिरायलाच."

"या गुडघ्यांनी? एवढा चढ?"

"गप बस, आवाज करू नकोस!"

शीळ आली, अगदी डोक्यावरून. हानालेने त्याचा हात घट्ट धरला. आणि शेवटी आलं, 'फुस्स'.

फांदीवर साळुंकी बसली होती.

"अरे, ही तर तुझी चेली!" हानाले म्हणाला. "पडक्या दातासकट शिकलीय! आठवडाभर मरतोय मी हा चढ चढून. एका शब्दाने बोलला असतास तर?"

"तू तरी कुठे बोललास?"

दोघे पोट धरधरून हसले. पळायला ओओच नव्हता आणि हे दोन म्हातारे तोंडाला कुलूप लावून बसले होते.

साळुंकी पुन्हा गायली आणि थांबली. कामुएला ओसरीवर थांबतो तेवढाच वेळ.

"पुढचं काय होतं रे?" हानालेने हळूच विचारलं.

कामुएलाचं हसू मावळलं. "मला वाटलं, तुला तरी आठवत असेल."

हानालेने नकारार्थी मान हलवली. कामुएलाला रडू फुटलं, ते त्याने लपवलंही नाही. वर साळुंकी मान तिरकी करून थांबलेलीच होती. थांबायलाही तिला त्यानेच शिकवलं होतं.