विरजणाचा काय गुन्हा

इदालिनाने फळीवरच्या चीजवर बोटाने टकटक केली. आतून ढोलकीसारखा आवाज आला. तिने पुढच्यावर वाजवून पाहिलं. तिथेही ढोलकी. महिनाभर मुरायला ठेवलेली अख्खी फळी गोल फुगून बसली होती.

ब्राझीलमधल्या कनास्त्राच्या डोंगरात कुणाचं चीज फुगलं की दोष विरजणाला लागतो. ते बिचारं उलटून बोलत नाही. विरजण म्हणजे पिंगो: आज मीठ लावलेल्या चीजमधून थेंबथेंब गळणारं पाणी, जे उद्या सकाळच्या दुधात घालायचं. इदालिनाचा पिंगो लग्नात आईकडून आलेला. सव्वीस वर्षं तो रोज सकाळी दुधात जात होता आणि संध्याकाळपर्यंत परत येत होता. इतकं नियमित त्या घरात दुसरं कुणी वागलं नव्हतं.

"आईचं विरजणच गेलं," ती नवऱ्याला म्हणाली. "दुसरं काय असणार? गाईंना तू उसाची कुट्टीच देतोस ना?"

"मग काय, कॉफी पाजू त्यांना?" ओझोरिओ म्हणाला.

तिने पिंगो मोरीत ओतला. भांडं खळबळायला गरम पाणी त्यानेच आणून दिलं.

मग ती ओर्दालियाकडे गेली. ओर्दालिया तिच्या मुलीची धर्ममाता, त्यामुळे दोघी एकमेकींना 'कोमाद्रे' म्हणत आणि त्या नात्याने काहीही बोलत.

"कोमाद्रे, थोडा पिंगो दे. आमचा बिघडला."

"तुझ्या आईचा? ज्याच्यावरून तू मला दहा वर्षं टोमणे मारलेस तो?"

"तोच."

ओर्दालियाने बाटली भरली. "घे. माझा पिंगो साधाच आहे, पण असा म्हातारपणी घर सोडून जात नाही."

ऑगस्टमध्ये या नव्या पिंगोचं चीजही फुगलं. बातमी डोंगरभर गेली, तशी ओर्दालिया स्वतः येऊन फळीवर वाजवून गेली. "माझ्या घरी याच विरजणाचं एकही फुगलेलं नाही. तुझे हात स्वच्छ आहेत, मला ठाऊक आहे. आता जरा गोठ्यात जाऊन बघ, कोमाद्रे."

गोठा ओझोरिओचा, चीजची खोली इदालिनाची; एकाने दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायचं नाही, यावर त्यांचा संसार उभा होता. ती गेली. गव्हाणीत उसाची कुट्टी होती, अगदी दाखवायला ठेवल्यासारखी. मग तिने खाली शेणाकडे पाहिलं. त्यात मक्याचे पिवळे दाणे होते, न पचलेले. यंदा त्यांच्या रानात मक्याचं एक ताटही नव्हतं.

गोठ्यामागे ताडपत्रीखाली पिशव्या सापडल्या. आंबूस वास. मुरघास: पिशवीत कोंडून आंबवलेला मका.

मुरघासातून जे दुधात उतरतं ते उकळत्या पाण्याने धुतलेल्या भांड्यातही गप्प बसून राहतं आणि तीन-चार आठवड्यांनी चीज आतून फुगवतं. हे तिने ओझोरिओला लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी सांगितलं होतं. त्याने तेव्हा मानही डोलावली होती.

"कधीपासून?"

"जूनपासून. बेल्मीरोकडे जास्तीचा होता, भावाला नाही कसं म्हणायचं? पाऊस नाही, गवत नाही, गाई आटत होत्या. दोन कॅन दूध वाढलं, इदा! तूच म्हणालीस, यंदा गाई छान चालल्यात."

"मी पिंगो ओतला तेव्हा तू काय करत होतास?"

त्याने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "गरम पाणी धरलं होतं."

"तुला माहीत होतं?"

"अंदाज होता. पण तू इतक्या खात्रीने बोलत होतीस, मध्येच कसं बोलायचं?"

सव्वीस वर्षांत ओझोरिओ तिच्या बोलण्यात मध्येच बोलला नाही असा दुसरा एकही दिवस तिला आठवेना.

"मी आईला नावं ठेवली," ती म्हणाली. "गावभर. ती कबरीत आहे आणि तू माझ्या शेजारी उभा होतास."

"अगं, बंद करतो ना मुरघास. उद्यापासून फक्त ऊस. झालं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने धारा काढल्या. गोठ्यातल्या माणसाने चीजच्या खोलीत पाऊल टाकायचं नसतं, म्हणून भिंतीतून एक नळी असते: त्याने इकडून ओतायचं, तिच्या भांड्यात तिकडे पडायचं. त्याने ओतलं. दूध नळीच्या तोंडाशी आलं, थांबलं आणि त्याच्या बुटांवर सांडलं.

"इदा! नळी तुंबलीय!"

"तुंबलेली नाही," भिंतीपलीकडून आवाज आला.

"मग या दुधाचं काय करू?"

"डुकरांना घाल. ती काही विचारत नाहीत."

आत इदालिनाने नळीचं लाकडी बूच आणखी दोनदा ठोकलं.